भिवराने झाकलेली सुपं

फार फार जुनी गोष्ट आहे, मंडळी. राजा कोण होता ते विचारू नका, मला ठाऊक नाही. पण नदीकाठच्या एका गावात भिवरा नावाची बुरडीण होती आणि तिच्या हातची सुपं पंचक्रोशीत नावाजलेली होती, एवढं मात्र नक्की.

त्या वर्षी रानातला सगळा वेळू एका बड्या व्यापाऱ्याने उचलला. भिवराच्या अंगणात जेमतेम महिनाभराचा उरला. पुढे सुगी. खळ्याखळ्यावर धान्य पाखडायला सूप लागतं. बुरडाची वर्षाची भाकरी त्या दिवसांतच निघते. वेळू संपला की चूल विझली म्हणून समजा.

अशात एके दिवशी गावचा कारभारी तिच्या ओट्यावर येऊन बसला. पंचांनीच पाठवलं होतं त्याला. पाणी प्यायला, हसला आणि म्हणाला, "भिवराबाई, महिन्याला किती सुपं विणता?"

झालं! भिवराच्या कपाळाला आठी पडली. कारभारी दारात, आणि तोही गोड बोलतोय? नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय. मागे असाच येऊन तो कुंभारांची चाकं मोजून गेला होता आणि पंधरवड्यात दर चाकामागे कराची पट्टी बसली होती.

"कसली सुपं, अण्णा?" ती कण्हत म्हणाली. "हात थरथरतात आता. महिन्याला दोन झाली तरी डोक्यावरून पाणी."

आत गोधडीखाली तीस सुपं झाकलेली होती, आणि ती महिन्याभरातच विणलेली!

"नक्की दोनच?"

"खोटं कशाला बोलू?"

कारभारी गेला. शेजारच्या तानू बुरडाने त्याला आपल्या सुपांचा खरा आकडा सांगितला, तशी भिवरा खो खो हसली. "अरे भोळ्या सांबा, लांडगा शेळ्यांची विचारपूस करतो ती काय मायेने? भर आता पट्टी!"

आठ दिवसांनी चावडीपुढे वेळूने भरलेल्या गाड्या उभ्या राहिल्या. गावाच्या मालकीचं वेळूबन पंचांनी लहान कारागिरांसाठी तोडलं होतं. ज्याचं जेवढं काम, तेवढा वेळू, तोही फुकट. तानूला गाडीभर मिळाला. भिवराला चार काठ्या.

"अहो, मी तीस विणते! घरी चला, दाखवते!" ती ओरडली.

"वाटून झालं, बाई. मी विचारलं तेव्हा दोन म्हणालात."

"विचारलंत खरं, पण कशासाठी ते सांगितलंत? तुमच्या तोंडून पट्टीशिवाय दुसरं काही ऐकलंय का आम्ही आजवर?"

कारभाऱ्याने मान खाली घातली.

सुगी आली. भिवराची होती नव्हती तेवढी सुपं हातोहात संपली. मग गिऱ्हाइकं तिच्या दारातून परत जाऊ लागली आणि त्या व्यापाऱ्याची तकलादू सुपं दुप्पट दाम मोजून घेऊ लागली. धडधाकट हात मांडीवर ठेवून भिवरा ते बघत बसायची. डोळ्यांतलं पाणी खळायचं नाही.

पुढच्या वर्षी पंच शहाणे झाले. काय देणार आणि कशासाठी विचारणार, याची त्यांनी आधी दवंडी पिटवली. मग कारभारी दारात आला. भिवराने ती दवंडी त्याला चार शेजाऱ्यांसमोर पुन्हा म्हणायला लावली, आणि मगच सगळी सुपं बाहेर आणून मांडली.

तात्पर्य: देणाऱ्याने हेतू झाकला आणि घेणाऱ्याने गरज झाकली, तर मदत दारात येऊनही वाया जाते.