अर्ध्या घावाचा शाप

एका राज्यात, जिथे पक्षी बोलत आणि झाडे ऐकत, रणधवल नावाचा राजा होता. मनाने सोन्यासारखा, पण भारी उतावळा. न्याय असो, सोयरीक असो, नाहीतर समोरचे ताट असो, त्याचा एकच मंत्र: "एक घाव, दोन तुकडे." कमरेला सोन्याचा मुलामा दिलेली कुऱ्हाड असे. खंडेनवमीला ती पूजेत बसे, वर्षभर झळके. धार मात्र अशी, की लोणी कापायचे तरी आधी लोण्याची परवानगी घ्यावी.

एकदा राजा रानात गेला. तिथे ऐनाचा एक जुना वृक्ष उभा होता. सरदारांना आपला हात दाखवावा म्हणून राजाने कुऱ्हाड उपसली आणि घातला घाव. साल उडाली. आणखी घातले, खोड ठेचले. घामाघूम होईतो घाव घातले, तेव्हा कुठे मधला गाभा मांडीएवढा उरला. तेवढ्यात आचारी पाने वाढल्याची वर्दी घेऊन आला. "उरलेले उद्या," असे म्हणून राजा जेवायला गेला, आणि तो उद्या काही उजाडला नाही.

त्या वृक्षात काळजंघ नावाचा मांत्रिक तप करीत बसला होता. आता झाड पडेना आणि जगेना, त्याचे तप पुरे होईना. एके दिवशी त्याचा आवाज भर दरबारात घुमला.

"राजा, तू मला जगू दिले नाहीस, मरूही दिले नाहीस. तूही तसाच राहा. मला जो एका घावात मोकळा करील, तो तुलाही सोडवील. तो घाव फसला, तर तू कायमचा लाकूड."

राजाची पावले सिंहासनापाशी मुळांसारखी रुतली, आणि पोटऱ्यांवर साल चढू लागली. सरदारांना त्याच घटकेला घरची कामे आठवली. उरली एकटी राजकन्या सुरंगी. तिचा बापावर फार जीव. तिने सोन्याची कुऱ्हाड उचलली आणि ती तडक रानाकडे निघाली.

वेशीवरच्या चिंचेवर एक सुतार पक्षी बसला होता. त्याची ढोली त्याच ऐनात होती, आणि झाडाचे कण्हणे ऐकून त्याची झोप उडाली होती. म्हणून स्वभाव जरा चिडका झालेला.

"हीच घेऊन जाशील," तो म्हणाला, "तर आपल्या नव्हे, बापाच्या पायावर कुऱ्हाड मारशील."

सुरंगीने विचारले, मग कोणती घेऊ? पक्ष्याने सांगितले, की चांगली कुऱ्हाड तीन ठिकाणांहून मागून आणावी लागते: पाते यक्षाकडून, दांडा झाडाकडून, धार नदीकडून. सुरंगीने सोन्याची कुऱ्हाड चिंचेच्या बुंध्याशी ठेवली आणि ती त्याच्यामागे चालू लागली.

यक्षाच्या गुहेत पात्यांचा ढीग होता. लखलखाटाला भुलून जो पाते उचली त्याचे अंग गंजून जाई, आणि अशी गंजलेली माणसे दारात दोन्ही बाजूंना उभी होती. सुरंगीने माणके जडवलेल्या पात्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. ती गेली सगळ्यांत थोरल्या पात्याकडे. ते उचलून तिने हात लांब केला, तर हात थरथरला.

यक्ष म्हणाला, "कुऱ्हाड थोर म्हणून माणूस थोर होत नाही. पेलेल ती ने."

मग ती आपल्या हाताजोगते पाते शोधू लागली. पक्षी प्रत्येकावर चोच मारून पाही. ज्याला आत चीर असे ते खट् वाजे. शेवटी तांबेरलेले एक पाते घंटेसारखे ठणकले. ते धरून तिने हात लांब केला, हात स्थिर राहिला. यक्षाने वाट सोडली.

पुढे धामणाचे झाड. धामणाचे लाकूड चिवट, लवते पण मोडत नाही. सुरंगीने रीतीप्रमाणे आदल्या संध्याकाळी झाडापाशी अक्षता ठेवून त्याला आमंत्रण दिले, आणि सकाळी हात जोडून फांदी मागितली.

धामण म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण तुम्हा माणसांचीच. मी गोताला काळ का होऊ?"

सुरंगीने सांगितले, "तुमच्या गोतातला एक जण माझ्या बाबांनी अर्धा तोडून ठेवला आहे. त्याला यातनेतून सोडवायचे आहे. नको म्हणालात तर परत जाईन."

 मग सरळ रेषांची, बिनगाठीची एक फांदी झाडाने आपणहून खाली टाकली.

सुरंगी लगेच दांडा तासायला बसणार, तोच पक्षी आडवा आला. ओला दांडा पुढे वाळून सैल होतो, आणि ऐन घावाला पाते उडून जाते. फांदी सावलीत वाळली पाहिजे. एवढ्यात राजवाड्याचा पोपट सांगत आला, की साल राजाच्या कमरेला पोचली. सुरंगी रडली. फांदी घेऊन तशीच पळत सुटावे असे तिला वाटले. पण याच उतावळेपणाने बाबांचे लाकूड होते आहे, हे तिला कळत होते. ती सावलीत बसून राहिली. ते बसणे तिला सगळ्या प्रवासाहून अवघड गेले. फांदी वाळली तेव्हा तिने दांडा तासला, पात्याच्या नेढ्यात, म्हणजे भोकात, बसवला, वरून पाचर ठोकली आणि जवसाचे तेल चोळून तो मुरू दिला.

राहिली धार. धारेचा दगड नदीच्या तळाशी, आणि त्यावर एक म्हातारी सुसर निजलेली. सुसरीने दगड दिला, पण अट घातली: दगड कोरडा पडला की गिळून टाकीन. सुरंगी धार लावू लागली. पोपट पुन्हा आला. साल राजाच्या गळ्याला लागली होती. तिचे हात भराभर चालू लागले. दगड सुकू लागला, सुसरीने जबडा उघडला.

"सावकाश," पक्षी म्हणाला. "पाते तापले तर लोहाराने पाजलेले पाणी उतरेल, पोलाद मऊ पडेल. मग ती पुन्हा सोन्याचीच कुऱ्हाड."

सुरंगीने डोळे पुसले. ओंजळीने दगडावर पाणी घातले आणि एकेका बाजूने, शांतपणे, पाते फिरवत राहिली. सुसरीने जबडा मिटला. तेवढ्यात सावरीच्या कापसाची एक म्हातारी तरंगत आली, धारेवर टेकली, आणि काहीच न झाल्यासारखी दोन होऊन पुढे गेली.

धारेला चामड्याचे म्यान चढवून सुरंगी ऐनापाशी आली. तिने आधी पायाखालचे दगड दूर केले, वर लोंबणारी वेल सोडवली, मगच म्यान काढले. गाभा एवढ्या दिवसांत लोखंडासारखा झाला होता. राजवाड्यात राजाचे फक्त डोळे उघडे उरले होते. सुरंगीने पाय रोवले आणि घाव घातला.

एक घाव, दोन तुकडे.

ऐन हळूच आडवा झाला. त्यातून काळजंघ उठला, "सुटलो" म्हणाला आणि तिला आशीर्वाद देऊन निघून गेला. सुतार पक्षी उडाला तो थेट धामणावर, नवी ढोली कोरायला. आणि राजवाड्यात राजाच्या अंगावरची साल वरून खाली गळत गेली.

सुरंगी घरी पोचली तेव्हा राजा पायऱ्यांवर वाट पाहत बसला होता. तिने कुऱ्हाड त्याच्यापुढे ठेवली. पात्यावर ऐनाचा चीक सुकला होता.  पंच्याच्या टोकाने राजाने पाते पुसले, तेलाचे बोट फिरवले, म्यान चढवले आणि मगच लेकीला जवळ घेतले.

त्या वर्षी खंडेनवमीला तीच कुऱ्हाड पूजेत बसली. तोडलेल्या ऐनाच्या बुंध्याला तोवर कोवळी पालवी फुटली होती. दरबारात एक जुना तंटा आला आणि सवयीने सरदार म्हणाले, "महाराज, एक घाव, दोन तुकडे."

"होय," राजा म्हणाला. "पण आधी धार लावू. दोघांचे म्हणणे पहिल्यापासून सांगा."

जसे त्या राजाचे अर्धे राहिलेले काम लेकीच्या हातून पुरे झाले, तशी तुमची-आमची अर्धी राहिलेली कामे पुरी होवोत, आणि घराघरातल्या कुऱ्हाडींना धार राहो.