खारीवरचा आळ

माणसाने रानात पायवाट पाडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यासाठी सगळ्यांनी वाळवलेली बोरं एका ढोलीत ठेवली होती. राखण खारीकडे होती. ऐन चैत्रात ढोली रिकामी निघाली. तोंडावरचा दगड जागच्या जागी होता, म्हणून सगळे खारीवर उलटले. "काढा हिला रानाबाहेर!"

खार पळायलाच निघाली होती. म्हाताऱ्या कासवाने तिला अडवलं. "पळालीस तर आळ खरा ठरेल. ज्याला त्याला खुलासे देत फिरू नकोस. घडलं तेवढंच पंचांपुढे सांग."

पंचांपुढे खार म्हणाली, "बोरं मीच काढून दिली. आजारी हरणांसाठी पंचांनी मागवलीत, असं कारभारी उदमांजर म्हणाले. त्यांनीच ती नेली."

कासवाने हरणांना विचारलं, "मिळाली का?"

"एकही नाही."

उदमांजर शांतपणे म्हणालं, "मी तर ढोलीला हातही लावला नाही. हिनेच बोरं काढून माझ्या हाती दिली."

"खरंय," सरपंच हत्तीण म्हणाली. "तू फक्त आमचं नाव लावलंस."

उदमांजराला रान सोडावं लागलं. पुढच्या हंगामात खुद्द हत्तीण बोरं मागायला आली, तेव्हा खार नम्रपणे म्हणाली, "आधी बाकीच्या पंचांना बोलवा, आजी."

हत्तीण हसली आणि त्यांना बोलवायला गेली.