मुबीनबाबा आणि मशिदीची विहीर

देवगिरीच्या डोंगरांपलीकडे आंबेदरी नावाचे लहानसे गाव. मुबीनबाबा उतारवयात तिथे येऊन राहिले, पण ते काही हौसेने नव्हे. शहराच्या मदरशात ते शिकवीत, "ज्याने श्रद्धा दिली, त्यानेच अक्कल दिली. विचार करणे हीसुद्धा इबादतच आहे." एवढ्यासाठी तिथल्या विद्वानांनी त्यांचे ग्रंथ भर चौकात जाळले आणि त्यांना वेशीबाहेर काढले.

आंबेदरीत त्यांना आसरा दिला तो सादुल्ला विणकराने. दिवसभर माग चालवावा आणि सांजेला बाबांच्या पायाशी बसावे, हा त्याचा नेम. गावचे काजी इमादुद्दीन त्याला येता-जाता टोचत. "काय रे, आज नमाज पढलास की नुसता विचारच केलास?" लोक खो खो हसत. हसत नसे तो एकटा काजींचा मुलगा याकूब. मोठा हुशार, सालस तरुण!

त्या साली पाऊस पडलाच नाही. मशिदीमागची, वर्षानुवर्षे झाकून ठेवलेली विहीर उपसायचे ठरले. फळ्या काढल्या तेव्हा बाबांनी दोरीला दिवा बांधून आत सोडला. अर्ध्यावर जाताच तो विझला.

"आत विषारी हवा कोंडली आहे," बाबा म्हणाले. "कुणीही उतरू नका."

काजी कडाडले, "अल्लाच्या घरची विहीर ही! या बाबाचा भरवसा अल्लावर नाही, दिव्यावर आहे. सादुल्ला, तू उतर!"

सादुल्लाने मान खाली घातली. "बाबा नको म्हणतात, काजीसाहेब."

"भेकड! ज्याचे इमान पक्के, त्याला कसली भीती? माझा मुलगा उतरेल."

याकूबने एकदा बापाकडे, एकदा विझल्या दिव्याकडे पाहिले. त्याला सारे कळत होते. पण बापाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, म्हणून तो निमूट उतरला आणि तळाशी कोसळला.

सादुल्लाने कमरेला दोर बांधला.

"बाबा, आता अक्कल काय सांगते?"

"जाऊ नकोस म्हणते," बाबा म्हणाले. "पण तिची हद्द इथे संपली, बेटा. पुढे तोच आहे."

त्यांनी दिवा पुन्हा पेटवून त्याच्या हाती दिला आणि आकाशाकडे हात पसरले. काय सांगावे! जिथे ज्योत विझली होती, तिथेच ती आता ताठ जळत राहिली. सादुल्ला तळाशी पोहोचला, याकूबला पाठीशी बांधून वर आला, आणि याकूबचा श्वास चालू होता!

लोकांनी जयजयकार केला. तो लवकरच थांबला.

याकूबने डोळे उघडले, पण बापाला ओळखले नाही. स्वतःची बोटे तो तान्ह्या मुलासारखा निरखत बसला. दिवस गेले, महिने गेले, तो तसाच राहिला.

शेवटी काजी त्याचा हात धरून बाबांच्या दारी आले. "तुम्ही मागितलेत तर मिळते, बाबा. याची अक्कल परत मागा."

बाबांचे डोळे भरून आले. "रोज मागतो, काजीसाहेब. पण ती अल्लाने एकदा दिली होती. आपणच तिला विहिरीत ढकलले."

शेजारी उभ्या सादुल्लाला वाटले होते, काजी बाबांच्या दारी येतील त्या दिवशी मन निवेल. निवले नाही.

काजींनी पागोटे उतरवले आणि बाबांच्या पायांवर डोके ठेवले. बापाला असे वाकलेले पाहून याकूबला गंमत वाटली. तो टाळ्या पिटत हसू लागला.