हंड्याला समजलेली गरिबी

भांडी बोलायची, त्या काळची ही गोष्ट. ठकी नावाची एक चेपलेली पातेली झोपडीतल्या चुलीवर राहायची. दिवसाला मूठभर तांदूळ, एवढाच तिचा शिधा.

एके सकाळी लग्नाच्या पंगतीतला भला मोठा हंडा गडगडत दारात आला. म्हणाला, "ठके, गरिबी म्हणजे काय, ते मला समजून घ्यायचंय. सात दिवस तुझ्याच शिध्यावर राहीन."

ठकीला भरून आलं. तिने आपले मूठभर तांदूळ त्याच्या पोटात घातले. ते कुठे पडले, ते दोघांनाही दिसेना. एवढा हंडा तापवता तापवता आठवड्याचं सरपण दुपारपर्यंत जळून गेलं, तरी पाणी कोमटच. ठकी उपाशीच बसून राहिली.

कंटाळून हंडा उठला. "समजली हो गरिबी! काटकसर केली की भागतं. तू सरपण फार जाळतेस, बघ."

ठकीने ओशाळून झाकण हलवलं. मग तिला वाटलं, आपणही काही शिकावं. "दादा, मी येऊ का सात दिवस तुमच्याकडे? श्रीमंती समजून घ्यायला?"

हंडा दचकलाच. "छे छे! ती सात दिवसांत नाही समजायची, बाई. तिला सात पिढ्या लागतात," असं म्हणत तो घाईघाईने गडगडत निघून गेला.