ठमाईनं खरवडलेली भिंत

घाटाला गाडीरस्ता नव्हता आणि खालच्या खाडीवरून वर यायचं म्हणजे सकाळी निघून उन्हं कलताना पोचायचं, त्या काळातली ही गोष्ट. घाटमाथ्यावर पांढरवाडी नावाचं गाव होतं, आजही आहे. माती तांबडीलाल, पण घरं अशी पांढरीशुभ्र की नजर ठरू नये. ऐपत असो नसो, दर दिवाळीला पांढरवाडीकर भिंतींना चुन्याचा हात देणार म्हणजे देणारच. स्वतःच्या पोटाला चिमटा घेतील, पण भिंतीला उणं पडू देणार नाहीत. बापाच्या चुन्यावर मुलाचा चुना, मुलाच्या चुन्यावर नातवाचा, असे थर चढत गेले होते. खाडीतले नावाडी धुक्यातून वर बघायचे आणि पांढरवाडीच्या भिंती दिसल्या की दिशा ओळखायचे, असं म्हणतात.

गावाचा दुसरा अभिमान म्हणजे कोंबड्या. पांढरवाडीची कोंबडी अंगानं लहान, पण तिचं अंडं हातात घेतलं की गारगोटीसारखं वाटायचं. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका कोंबडी खुडूक बसली की तिच्याखाली ठेवायला अंडी पांढरवाडीतूनच मागून न्यायच्या. ह्या कोंबड्यांना एकच खोड होती. अंगणातले दाणे टिपून झाले की भिंतीपाशी जायचं आणि सुटलेल्या चुन्याचे पापुद्रे टोचून खायचे. त्यामुळे गावातली प्रत्येक भिंत वरून नवरीसारखी आणि खालून देवी आल्यासारखी दिसे. पण कोंबडी आपली, भिंतही आपली, म्हणून कुणी फार मनावर घेत नसे.

मनावर घेतलं ते सुभानजीनं. सुभानजी गावकीतला मानाचा माणूस, त्याचा शब्द सहसा खाली पडत नसे. त्याच्या एकुलत्या एका मुलाचं, राणूचं लग्न ठरलं. मुलगी खाडीकाठची होती, तिचं नाव ठमा. बाप लहानपणीच गेलेला, आई कालवं काढून पोट भरायची. आता खालची माणसं पहिल्यांदा वर येणार आणि त्यांना काय दिसणार, तर कोंबड्यांनी खाल्लेल्या भिंती! सुभानजीला हे सोसेना. त्यानं गाव गोळा करून सांगितलं की सगळ्या भिंतींना खालून गुडघाभर उंच शेणामातीचा जाड लेप द्या आणि वर गेरू फिरवा. गावानं ऐकलं. पांढऱ्या लुगड्याला तांबडे काठ यावेत तसं गाव दिसायला लागलं. सुभानजी गल्लीगल्लीतून मागे हात बांधून फिरला आणि प्रत्येक भिंतीपाशी थांबून खूश झाला.

लग्न झालं. ठमा माप ओलांडून घरात आली, तेव्हा तिच्या काखेत वेताचं डालगं होतं आणि डालग्यात एक काळी कोंबडी. खाडीकाठची रीतच तशी. लेकीला सोनं देता आलं नाही तरी चालेल, पण तिची म्हणून एक कोंबडी बरोबर द्यायची, म्हणजे सासरी तिला मीठमिरचीपुरतं तरी कुणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये. ठमाची सासू राहीबाई मनानं मऊ होती. तिनं काळीला आपल्या खुराड्यात जागा करून दिली.

पुढे शेताची कामं उरकली, आणि एका सकाळी राहीबाईनं खुराड्यात हात घातला, तो किंचाळून बाहेर काढला. तिच्या बोटांना काहीतरी लिबलिबीत लागलं होतं. उजेडात बघते तर अंडंच, पण टरफल नसलेलं, नुसत्या पापुद्र्यात बांधलेलं. बोट लावलं की खड्डा पडायचा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरात तसंच निघालं. मग वरच्या आळीत, मग खालच्या आळीत, आणि बघता बघता सगळ्या गावातल्या कोंबड्या मऊ अंडी घालायला लागल्या. कोंबडी अंड्यावर बसली की तिच्याच वजनानं अंडं फुटे. पिल्लू म्हणून निघेना. असंच चाललं तर वर्षा-दोन वर्षांत पांढरवाडीत औषधालाही कोंबडी उरणार नव्हती.

गाव हवालदिल झालं. कुणी खुराड्यावर लिंबू-मिरची बांधली, कुणी अंगारा आणला. एक म्हातारा म्हणाला की कोंबड्या माजल्यात, त्यांना उपाशी ठेवा. ठेवल्या, तर अंडी अजून मऊ आली. दुसऱ्यानं कोंबड्यांवर नागाची सावली पडल्याचं सांगितलं. देवऋष्यानं तर एक कोंबडं कापून घेतलं, तब्येतीत खाल्लं आणि कारण काही सांगितलं नाही.

मग एक दिवस पाणवठ्यावर कुणीतरी हळूच म्हणालं की हे सगळं सुभानजीची सून आल्यापासून सुरू झालं. खरंच तसं झालं होतं, त्यामुळे कुणाला खोटं म्हणता येईना. त्यातून ठमाची काळी कोंबडी मात्र टणक अंडी घालत होती. झालं, मग काय! ठमाची काळी गावातल्या कोंबड्यांची टरफलं ओढून घेते, असं बोललं जाऊ लागलं. आणि थोड्या दिवसांनी काळीचं अंडंही मऊ आलं, तेव्हा तीच माणसं म्हणाली, बघा, ह्या पोरीचा पायगुण असा की त्यानं तिच्या स्वतःच्या कोंबडीलाही सोडलं नाही. टणक आलं तरी दोष ठमाचा, मऊ आलं तरी ठमाचाच. माणसाला एकदा दोषी धरायचं ठरलं की हे असं असतं.

गावकी बसली. ठरलं असं की येत्या बाजाराच्या दिवशी ठमाला तिच्या माहेरी पोचवायचं, आणि अंडी सुधारली की परत आणायचं. बोलायला गोड होतं. पण पायगुण वाईट म्हणून धाडलेली सून परत आल्याचं त्या मुलखात कुणी ऐकलं नव्हतं. राणू खाली मान घालून बसला. बापापुढे बोलायची त्याला सवयच नव्हती. राहीबाई चुलीपाशी बसून रडली, पण तिनंही बोचकं बांधायला घेतलं. ठमाला भीती वाटली ती स्वतःसाठी नाही, आईसाठी. कालवं फोडताना चार बायका जवळ बसतात, त्या बायका आईला काय काय विचारतील!

पण ती रडत बसली नाही. आपल्याला घालवणाऱ्या त्या कोंबड्या करतात तरी काय, हे बघायला ती ओट्यावर बसली. आणि बसल्या बसल्या तिला एक गोष्ट दिसली. काळी भिंतीपाशी जायची, मान ताणायची, गेरूच्या वरचा पांढरा चुना गाठायला उड्या मारायची आणि दमून खाली बसायची. तिच्या शेजारी राहीबाईची तांबडी, तिच्या शेजारी शेजारणीची ठिपक्यांची कवडी, सगळ्या भिंतीला लागून माना वर करून उभ्या. मघाशी तर एक कोंबडी घरात शिरून सासूच्या पानाच्या तबकातल्या चुन्याच्या डबीला चोच लावताना सापडली होती. ठमाला आपलं माहेरचं अंगण आठवलं. आई कालवांची शिंपलं ठेचून टाकायची आणि कोंबड्या दाणे सोडून त्यांच्यावर तुटून पडायच्या. काळी तेच खाऊन आली होती, म्हणून तिची अंडी जरा उशिरा मऊ झाली. इथे वर समुद्र नाही, शिंपलं नाहीत. इथल्या कोंबड्यांचं शिंपलं म्हणजे ही भिंत होती, आणि ती भिंत तिच्या लग्नासाठी लिंपून टाकली होती.

ठमा उठली, पदर सावरला आणि गावकीची माणसं जिथे बसली होती तिथे, सासऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. नवी सून अशी चारचौघांत बोलते हे पांढरवाडीनं तोवर बघितलं नव्हतं.

"मामंजी, मला धाडायचं तर धाडा. पन जायच्या आधी तुमची येक भिंत खरवडू द्या."

सुभानजीच्या कपाळावर आठ्या आल्या. "भिंतीला हात लावलास तर गाव काय म्हनंल?"

"गाव म्हनायचं ते म्हनून बसलंय, मामंजी. आता कोंबड्या काय म्हनत्यात ते ऐकू."

हो-नाही ऐकायला ती थांबली नाही. ठमानं खुरपं घेतलं आणि घराच्या दाराशेजारचा गेरूचा लेप वरून खालपर्यंत ओढून काढला. खपल्या पडल्या आणि आतून आजे-पणज्यांच्या हातचा चुना उघडा झाला. आधी काळी धावली. मग राहीबाईची तांबडी. मग आळीतल्या, मग गावातल्या, मग पलीकडच्या वाडीतल्या कोंबड्याही ओढा उडून आल्या, असं म्हणतात. रानकोंबड्या रानातून बाहेर पडल्या आणि माणसांच्या पायांतून वाट काढत भिंतीला लागल्या. इतक्या चोचींचा आवाज असा झाला की खाली खाडीकाठच्या लोकांना वाटलं घाटावर गारा पडताहेत. त्यांनी वाळत घातलेली मासळी गोळा केली, असंही म्हणतात. हे जरा जास्त वाटलं तर सोडून द्या. पण कोंबड्या आल्या आणि त्यांनी भिंत खाल्ली, एवढं सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं.

बाजाराला अजून अवकाश होता. कोंबड्या रोज भिंतीपाशी येत राहिल्या आणि त्यांना कुणी हाकललं नाही. बाजाराचा दिवस उजाडला तेव्हा पोचवायला जाणारी माणसं दारात येऊन थांबली. ठमा बोचकं घेऊन आणि काळीला डालग्यात घालून उंबऱ्यापाशी उभी होती. एवढ्यात मागच्या अंगाला राहीबाईनं खुराड्यात हात घातला. ह्या वेळी ती किंचाळली नाही. ती धावत पुढच्या अंगणात आली, पदर पडला तरी थांबली नाही, आणि सगळ्यांसमोर तिनं हातातलं अंडं आपल्या बांगडीवर वाजवलं. टण आवाज झाला. मग जो तो आपापल्या घरी पळाला, आपापल्या खुराड्यात हात घालून बघायला.

सुभानजी मात्र जागचा हलला नाही. मग त्यानं त्या दिवसापासून दाराशेजारी पडून असलेलं खुरपं उचललं आणि आपल्या हौसेनं लिंपलेली भिंत स्वतःच्या हातानं खरवडायला लागला. सगळं गाव परत जमलं तरी तो थांबला नाही. हात भरून आले तेव्हा तो वळला आणि म्हणाला, "दोष पोरीच्या पायात नव्हता. माज्या हातात व्हता."

एवढं बोलायला मोठी छाती लागते. पांढरवाडीकर ठमाईचं नाव घेतात तेव्हा सुभानजीच्या ह्या एका वाक्यासाठी त्याचंही घेतात.

ठमा त्या दिवशी माहेरी गेली, पण आपल्या मनानं गेली. भिंती काही जन्मभर पुरणार नाहीत, म्हणून ती शिंपलं आणायला निघाली होती, आणि बरोबर राणू होता. राहीबाईनं विहिणीसाठी नव्या अंड्यांची शिदोरी बांधून दिली. घाट उतरताना त्यातलं एक अंडं निसटलं आणि ह्या दगडावरून त्या दगडावर आपटत, करवंदीच्या जाळ्यांतून, ओढ्यातून, सगळा घाट उतरून थेट ठमाच्या आईच्या दारात जाऊन थांबलं, असं म्हणतात. त्याला तडाही गेला नव्हता. आईनं ते उचललं, उलटंसुलटं करून बघितलं आणि जवळच्या बायकांना म्हणाली, "माजी ठमा येताय. पन ऱ्हावायला न्हाय."

ठमा परत वर आली तेव्हा डोक्यावर शिंपलांची टोपली होती. ती टोपली पुढे कधी रिकामी झाली नाही. ठमा घरोघर ओंजळ ओंजळ वाटायची आणि टोपली भरलेलीच राहायची. काही चिकित्सक म्हणतात की तिची आई दर बाजाराला वर शिंपलं पाठवायची, त्याच्यात चमत्कार कसला. म्हणोत बापडे. आईनं जन्मभर न चुकता पाठवत राहावं, ह्याहून मोठा चमत्कार त्यांनी कुठे बघितला असेल तर सांगावा. पांढरवाडीची कोंबडी पुन्हा मुलखात मिरवायला लागली आणि ठमाची ठमाई झाली. ज्यांनी तिला बोल लावला होता त्यांच्याच नातवंडांची तिनं बाळंतपणं केली. ती म्हातारपणी वारली त्या दिवशी गावातल्या कोंबड्या तिच्या तिरडीमागोमाग ओढ्यापर्यंत गेल्या आणि जाताना एकीनंही तोंडातून आवाज काढला नाही, असं म्हणतात.

आता घाटात रस्ता झाला आणि भिंतींना डब्यातला रंग आला. तरीही पांढरवाडीत दाराशेजारी हातभर रुंदीची पट्टी नुसत्या चुन्याची ठेवतात, अगदी जमिनीपर्यंत. तिला ठमाईची जागा म्हणतात आणि तिथून कोंबडीला कुणी हुसकत नाही. नवी सून आली की सासू तिच्या ओंजळीत ठेचलेली शिंपलं देते. सून ती अंगणात टाकते, कोंबड्या येतात, आणि त्यांचं खाऊन झालं की मगच माप ओलांडायचं. वऱ्हाडी कितीही खोळंबले तरी हे चुकत नाही.

आणि लग्नानंतर घरात काही बिनसलं, गाय आटली, विहिरीचं पाणी खाली गेलं, कुणी अंथरूण धरलं, तरी त्या गावात कुणी सुनेच्या पायाकडे बघत नाही. सासरा उठतो, खुरपं मागून घेतो आणि आधी स्वतःची भिंत खरवडतो.