चुकलेला चौतिसावा दिवस

एकदा एक तेली दिवस मोजत होता. विरहात सगळेच दिवस मोजतात, त्यात नवल नाही. पण या तेल्याला ते धर्माज्ञेप्रमाणेही मोजायचे होते, आणि गोंधळ तिथेच झाला.

कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेले यहुदी लोक आहेत. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्यात एक जुनी रीत आहे. वल्हांडण सणाच्या दुसऱ्या संध्याकाळपासून मोजणी सुरू करायची. रोज सूर्य मावळला की आधी देवाच्या स्तुतीचे आशीर्वचन म्हणायचे, मग उभ्याने सांगायचे, ‘आज एक दिवस’, ‘आज दोन दिवस’. असे सात आठवडे मोजले की पन्नासाव्या दिवशी सप्ताहांचा सण येतो. नियम मात्र कडक. एखाद्या संध्याकाळी राहून गेले, तर दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत आकडा म्हणता येतो. तेवढ्यातही राहिले, तर मोजणी तुटली. पुढचे आकडे म्हणावेत, पण आशीर्वचनाचा अधिकार त्या वर्षापुरता गेला.

आपल्या तेल्याचे नाव रहमीम. त्याचा पाच महिन्यांचा मुलगा तापात गेला. दुःखाच्या भरात तो बायकोला, येरूशाला, म्हणाला, “तुझा डोळा लागला नसता तर तो राहिला असता.” चार रात्री जागलेल्या आईला हे ऐकावे लागले. ती दुसऱ्या दिवशी खाडीपलीकडे माहेरी निघून गेली. सासऱ्यांनी निरोप धाडला, “सप्ताहांच्या सणापर्यंत वाट पाहू. तोवर तिचं मन वळलं नाही, तर पुढचं बघू.” त्या ‘पुढचं’मध्ये काय आहे, हे रहमीमला न सांगता कळले.

तो रोज संध्याकाळी हसाजीबाबांच्या ओट्यावर जाई. हसाजीबाबा म्हणजे गावातले सर्वांत वृद्ध आणि व्युत्पन्न गृहस्थ; रहमीम त्यांच्यापाशी धर्मग्रंथ शिकत असे. मोजणीच्या वेळी मात्र बाबा एक चमत्कारिक गोष्ट करत. आशीर्वचन स्वतः म्हणतच नसत. रहमीमला म्हणायला लावत, त्यावर ‘आमेन’ म्हणत आणि मग त्याच्याबरोबर फक्त आकडा उच्चारत. शिष्याला वाटे, ही गुरूची नम्रता. आपल्याला मोठ्या माणसांच्या प्रत्येक गोष्टीत नम्रता दिसते, त्याला काय करणार!

रहमीमच्या तोंडी आजचा आकडा असे, पण मनात उलटी गणती चाले. आज दहा, म्हणजे एकोणचाळीस उरले. आज वीस, म्हणजे एकोणतीस उरले. घरात पाळण्याचा दोर तसाच लोंबत होता आणि तो सोडायला त्याचा हात उठत नव्हता. बायकोची आठवण त्याला दिवसभर जाळत होती, आणि त्या आठवणीपेक्षा स्वतःचे ते वाक्य जास्त जाळत होते.

तेहेतीस झाले आणि त्याला राहवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तेलाचा बुधला घेऊन तो तरीत, पलीकडे नेणाऱ्या होडीत, बसला आणि खाडी उतरून सासऱ्यांच्या घरासमोरच्या चिंचेखाली जाऊन उभा राहिला. येरूशा अंगणात वाळलेली कोकमे गोळा करत होती. तीही वाळली होती. सूर्य मावळला, घरची माणसे अंगणात आली आणि मोजणी झाली. तिचाही आवाज त्यात होता. रहमीमने तो ऐकला, पण त्याचे ओठ हलले नाहीत. ज्या तोंडाने तसे बोललो, ते तोंड कसे दाखवायचे? तो तसाच मागे फिरला. शेवटची होडी सुटून गेलेली. रात्र धक्क्यावर काढली, दुसरा दिवस किनाऱ्याने भटकण्यात गेला, आणि गावी पोहोचेपर्यंत दुसराही सूर्य मावळला होता. तेव्हा कुठे त्याला स्वतःची राहिलेली मोजणी आठवली.

तो धावतच बाबांकडे गेला आणि एका दमात म्हणाला, “आज चौतीस दिवस, आज पस्तीस दिवस.”

“दोन भाकऱ्या एका वेळी खाता येतात,” बाबा म्हणाले, “दोन दिवस नाही. आजचा तेवढा म्हण. आणि आशीर्वचन नको.”

रहमीमने आकडा म्हटला नाही. त्याच्या मनाने घेतले की हा कौलच झाला. मोजणी तुटली, आता ती येत नाही. त्यानंतर तीन संध्याकाळी तो ओट्यावर फिरकला नाही.

चौथ्या संध्याकाळी काठी टेकत बाबाच घाण्यावर आले.

“आज कितवा रे?”

“मला कशाला विचारता, बाबा? माझं सगळं तुटलं.”

“माझंही तुटलंय,” बाबा शांतपणे म्हणाले. “मोजणीच्या दुसऱ्याच दिवशी, तू ओट्यावर यायला लागण्याआधी.”

रहमीमने हातातला कासरा सोडला.

“संध्याकाळी जेवून आडवा झालो, तो झोपच लागली. दुसरा दिवसही ग्लानीत गेला. म्हातारपण, दुसरं काय! सत्तर वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. लहान मुलासारखा रडलो मी. मग लक्षात आलं, बाहेर तिसरा दिवस येऊन उभा आहे. कालचा मोजलास की नाही, हे त्याने मला विचारलं नाही. म्हणून आशीर्वचन तुझ्याकडून म्हणवून घेत होतो. मला नुसता आकडाच उरलाय.”

घाण्याचा बैल एव्हाना थांबला होता. बाबा पाटावर बसले.

“ऐक. सात म्हणजे देवाने सात दिवसांत पुरी केलेली ही सृष्टी. साताचे सात केले की एकोणपन्नास. तिथवर माणसाचं काम. शास्त्र म्हणतं पन्नास दिवस मोजा, पण आपले पूर्वज एकोणपन्नासावर थांबले. पन्नासावा कोणी मोजत नाही. तो आपल्या मोजण्याने येत नाही, तो देवाकडून मिळतो. आणि ज्याचा एकही दिवस चुकला नाही तो आणि ज्याचा चुकला तो, दोघांच्या दारी तो एकाच सकाळी उजाडतो. तू मात्र पहिल्या दिवसापासून पन्नासावाच मोजत बसलास. त्यात तुझ्या वाट्याचं काम राहून गेलं.”

“कोणतं?”

“जे बोललास ते परत घ्यायचं. त्यासाठी सणाची वाट कशाला बघायची?” बाबांनी काठी उचलली. “शिवाय आता आपण दोघेही चुकलेले. आशीर्वचन म्हणणार कोण? ज्यांची मोजणी अखंड आहे, त्यांच्या अंगणात जाऊन उभा राहा.”

त्या संध्याकाळी दोघांनी नुसता आकडा म्हटला, एकोणचाळीस.

दुसऱ्या दिवशी रहमीम पुन्हा तरीत बसला. या वेळी चिंचेखाली न थांबता सरळ अंगणात गेला. सूर्य मावळत होता. सासऱ्यांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाले, “वेळेला आलास. उभा राहा.” त्यांनी आशीर्वचन म्हटले. रहमीम ‘आमेन’ म्हणाला. मग सगळ्यांनी एका सुरात सांगितले, “आज चाळीस दिवस, म्हणजे पाच आठवडे आणि पाच दिवस.”

माणसे आत गेली. येरूशा खांबाला धरून उभी होती.

“मी बोललो ते खोटं होतं,” रहमीम म्हणाला. “तू चार रात्री जागलीस. मी झोपलो होतो. ते माझ्याने सोसेना, म्हणून तुझ्यावर ढकललं.”

तिच्या डोळ्यांना धार लागली होती. तिला काय सांगावे ते न सुचून तो म्हणाला, “माझी मोजणीही तुटली. चौतिसावा चुकला.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “त्या संध्याकाळी तुम्ही चिंचेखाली ओठ मिटून उभे होता. तुमच्याकडे बघतच मी चौतीस म्हटलं. तो दिवस मी मोजलाय.”