धक्का कोणाच्या हद्दीत?

फार जुन्या काळची गोष्ट. किती जुनी ते मला विचारू नका. ही गोष्ट सांगताना आधीच माझा गोंधळ उडतो, त्यात वर्षांची भर नको.

एका राज्याच्या टोकाला एक खाडी होती आणि खाडीकाठी अकरा घरांची वस्ती. वस्तीतल्या विहिरींचं पाणी खारं. गोडं पाणी पलीकडच्या तीरावर. रोज होडीतून जायचं, हंडे भरायचे आणि परतायचं. पण परत येईपर्यंत ओहोटी लागायची, होडी लांबच थांबायची, आणि मग डोक्यावर हंडा घेऊन गुडघाभर चिखल तुडवायचा.

वस्तीत एक म्हातारी एकटीच राहायची. त्या चिखलात ती दोनदा पडली. शेजारणी म्हणाल्या, "आजी, तुझा हंडा आम्ही आणू."

"आज आणाल, उद्या आणाल," म्हातारी म्हणाली. "रोज दुसऱ्याच्या हंड्याकडे बघत नाही जगायचं मला. त्यापेक्षा लेकीच्या गावी जाते."

म्हणाली खरी, पण जायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. सारा जन्म त्या खाडीवर गेलेला.

मग अकरा घरांनी मिळून ठरवलं, की काठापासून चिखलाच्या टोकापर्यंत एक लाकडी धक्का बांधायचा, सगळ्यांच्या मालकीचा. खांब आणले, फळ्या कापल्या. आता फक्त परवानगी हवी होती.

राज्याचा नियम तसा सोपा होता. जमिनीत खांब रोवायचा तर जमिनीच्या पंचांना विचारायचं, पाण्यात रोवायचा तर पाण्याच्या पंचांना. दोन्हीकडे पंच एकेकच.

आधी जमिनीचे पंच आले. त्यांना पायी चालायचा कंटाळा, म्हणून होडीतून आले. आणि होडी काठाला लागते ती भरतीलाच. पाहतात तर जिकडेतिकडे पाणी. "इथं जमीन कुठं आहे?" ते म्हणाले. "पाण्याच्या पंचांकडे जा."

मग पाण्याचे पंच आले. त्यांना, सांगायला लाज वाटते, पण पाण्याची भीती होती. म्हणून ते काठच्या पायवाटेनं आले. आणि ती वाट उघडी पडते ओहोटीलाच. पाहतात तर नुसता चिखल. "यात पाणी कुठं आहे?" ते म्हणाले. "जमिनीच्या पंचांकडे जा."

दोघेही खरंच बोलत होते, बरं का. म्हणून तर वस्तीचं डोकं चक्रावलं. खोटं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं. दोन खरं बोलणाऱ्यांच्या मध्ये सापडलं, की इकडे आड तिकडे विहीर. असे चार महिने गेले. म्हातारी जायची तयारी करू लागली.

जायच्या आधी तिनं एकच सुचवलं, "दोघांना एकाच दिवशी बोलवा."

पाण्याचे पंच आदल्या दिवशीच्या ओहोटीला येऊन राहिले. जमिनीचे पंच सकाळी भरतीला होडीतून उतरले.

"पाण्याची कड जिथं आहे तिथं खूण करा," जमिनीचे पंच म्हणाले. "अलीकडचं माझं, पलीकडचं तुमचं."

एकाच्या खुणेवर दुसऱ्याचा विश्वास नव्हता, म्हणून दोघांचे दोन खांब शेजारी शेजारी रोवले. तोवर ओहोटी लागली आणि पाणी चार पावलं मागे गेलं. "छे, कड तर ती आहे!" आणखी दोन खांब रोवले. पाणी पुन्हा सरकलं. पुन्हा दोन.

"खोल ठोका रे," म्हातारी काठावरून ओरडत होती. "पंचांची खूण आहे, हलता कामा नये!"

दुपारपर्यंत खांबांची दुहेरी रांग चिखलाच्या टोकाला पोचली. आता तरी कड सापडली का, हे बघायला जमिनीचे पंच स्वतः चिखलात उतरले आणि मांड्यांपर्यंत रुतले. त्यांना ओढायला गेलेले गडीही रुतू लागले.

"अरे, बघता काय?" पाण्याचे पंच घाबरून ओरडले. "खांबांवर फळ्या टाका!"

लोकांनी भराभर फळ्या टाकल्या, बांधल्या आणि पंचांना वर ओढून घेतलं. चिखलानं माखलेले पंच फळ्यांवर उभे राहिले, त्यांनी मागं पाहिलं, पुढं पाहिलं.

"हा तर धक्का झाला!" ते म्हणाले. "परवानगी कोणी दिली? काढून टाकायला हवा हा."

वस्तीतल्या एका नावाड्यानं हात जोडले. "आत्ता काढतो, महाराज. पण हुकूम कोणाचा समजू? जमिनीचा की पाण्याचा?"

जमिनीचे पंच पाण्याच्या पंचांकडे बघू लागले. पाण्याचे पंच आभाळाकडे बघू लागले. काढा म्हणावं, तर जागा आपल्या हद्दीतली ठरते. आणि ती आपल्या हद्दीतली नाही, असं तर दोघेही चार महिने सांगत आले होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मग जमिनीचे पंच त्याच फळ्यांवरून चालत जाऊन होडीत बसले, आणि पाण्याचे पंच पायवाटेला लागले. निकाल काय लागला, हे त्या दोघांना अजूनही कळलेलं नाही म्हणतात.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी म्हातारी धक्क्यावरून आपल्या पायांनी घरी आली, डोक्यावर काठोकाठ भरलेला हंडा घेऊन. मग तिनं लेकीला निरोप धाडला, "मी येत नाही. तूच ये, गोडं पाणी पाजते."

तात्पर्य : काम कोणाच्या हद्दीतलं हे विचारण्याआधी, ते कोणाच्या गरजेचं आहे हे विचारावं.